तो तांबेरा नव्हता

माझ्या झाडांना कोणताही रोग झाला नव्हता. हे मी आमच्या सोसायटीत इतक्या जणांना सांगितलं आहे की आता मी पार्किंगमध्ये दिसले की लोक लिफ्टची वाट न बघता जिना चढायला लागतात. चढोत बापडे. मी पुन्हा सांगते.

मी नाशकात राहते, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, तळमजल्यावर. शाळा चौथीपर्यंत झाली. लग्नानंतर बरीच वर्षं पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये घड निवडायचं काम केलं. नवरा गेल्यावर मुलाने इथे आणून ठेवलं. तो स्वतः सिन्नरला कारखान्यात असतो आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, कॉलेजसाठी माझ्याकडे राहते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती, शेवटचं वर्ष होतं. घरात आम्ही दोघीच. ती अभ्यास करते, मी बाकीचं सगळं करते आणि बाकीचं करताना बोलते, अशी तिची तक्रार आहे.

शेवटच्या वर्षाला तिला एक प्रकल्प करायचा होता. तो नाही तर पदवी नाही. तिने विषय घेतला नेच्यांचा. नेचा म्हणजे ज्याला शहरात फर्न म्हणतात, हॉटेलांत कुंड्यांमधून असतो तो. मी म्हटलं, नेच्यात काय बघायचंय, ना फूल ना फळ. ती म्हणाली, म्हणूनच. फूल नाही, बी नाही, मग ही झाडं पसरतात कशी, तर बीजाणूंनी. धुळीसारखी बारीक पूड असते. त्या पुडीचा एकेक कण कसा असतो, त्याचं कवच कसं असतं, कवचावर काय नक्षी असते, एवढंच तिला बघायचं, मोजायचं आणि फोटो काढून लिहायचं होतं. मला वाटलं, बरं आहे, स्वस्तातला विषय आहे, चिखलात फिरायला लागणार नाही. तेही चुकलंच.

पावसाळ्यात तिच्या मॅडम मुलांना घेऊन इगतपुरीकडे गेल्या होत्या. ही चिखलाने माखून परत आली ती ओल्या गोणपाटाची गाठोडी घेऊन. त्यात हंसराज होता, काळ्या तारेसारखा देठ असलेला. बाशिंग होतं, झाडाच्या खोडावर उगवतं ते. गुच्छात लावतात ती लांब करवतीसारखी पानंही होती आणि आणखी एक मला नाव न येणारा नेचा. शिवाय मॅडमनी तिच्याकडे एक वेगळीच चीज सांभाळायला दिली. आंबोलीच्या बाजूला वादळात फांदी मोडून खाली पडली होती, तिच्यावर ते लटकलेलं होतं. हिरव्या दोरीसारखं, दोरीला सगळीकडून बारीक पानं, बाटली धुवायच्या ब्रशसारखं, आणि टोकांना बारीक बारीक कणसं. ते नेचाही नाही आणि शेवाळही नाही. इंग्रजीत त्याच्या नावात शेवाळ आहे, पण शेवाळाचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं नात म्हणाली. होमिओपॅथीवाले ज्याचं लायकोपोडियम देतात त्याच्या भाऊबंदातलं. ते आम्ही नारळाच्या सोडणात बसवून टांगलं.

ठेवायला जागा कुठली? गॅलरीत ऊन येतं. आमच्या इमारतीच्या मागे पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक बोळ आहे. टाकी झिरपते, ऊन कधी येत नाही. तिथे फुटक्या फरश्या आणि कुणाचा तरी मोडका पलंग पडलेला होता. तो बोळ मी साफ करून घेतला, पलंगाचं लोखंड तेवढं राहिलं. सोसायटीला विचारलं, सगळ्यांनी हो म्हटलं, चेअरमननी तर कौतुकही केलं. मागची घाण गेली मावशी, असं म्हणाले.

नेच्यांना ती जागा मानवली. भाद्रपदात एक दिवस पाणी घालताना करवतीसारख्या पानांपैकी एक उलटं झालं आणि मला त्याच्या पाठीला तपकिरी ठिपके दिसले. पॅकहाउसमध्ये आयुष्य गेलेल्या बाईच्या मनात काय येणार? तांबेरा. मी नातीला हाक मारली.

"अगं, तुझ्या झाडाला रोग लागला."

ती धावत आली, पान बघितलं आणि हसत सुटली. "आजी, हेच तर पाहिजे होतं मला."

"रोग?"

"ठिपके गं. बीजाणूंच्या पिशव्या आहेत त्या. नीट बघ ना, कशा ओळीने आहेत."

ओळीने होते खरे. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक रांग, टीप मारावी तशी. प्रत्येक ठिपक्यावर चवळीच्या दाण्यासारख्या आकाराचं पातळ झाकण. बाशिंगाच्या ठिपक्यांना झाकण नव्हतं, ते उघडे बोडके. हंसराजाने पानाची कडच आत दुमडून तिच्याखाली लपवले होते. मी विचारलं, तिने सांगितलं, मला कळलं. यात काही अवघड नव्हतं. पुढे जे झालं त्याचा मला राग एवढ्यासाठीच येतो की चौथी शिकलेल्या बाईला जे दोन मिनिटांत समजलं ते कुणालाही समजलं असतं. विचारायला मात्र पाहिजे होतं.

पिकलेलं पान असेल तर ते कोऱ्या कागदावर उपडं ठेवायचं आणि वरून झाकायचं. दुसऱ्या दिवशी उचललं की कागदावर पानाची रांगोळी उमटलेली असते, ठिपक्याच्या जागी ठिपका. ती पूड नात पुड्यांत बांधून ठेवायची. पण पिकायला हवं. कच्च्या पिशवीतले कण नीट भरलेले नसतात, वरची नक्षी अर्धवट असते, त्यांचा उपयोग नाही. करवतीची पानं आधी पिकली, त्यांच्या पुड्या झाल्या. बाकीच्यांना दसऱ्यापर्यंत वेळ होता. लटकत्या दोरीच्या कणसांना त्याहून जास्त. आणि एकदा हंगाम गेला की पुढच्या पावसाळ्याशिवाय काही नाही, म्हणजे वर्ष गेलं.

मॅडमनी तिला एक जुना मायक्रोस्कोप घरी आणू दिला होता, खाली आरसा असलेला. तो खिडकीपाशी ठेवला. मी म्हटलं, मला दाखव. आधी माझ्या स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग दिसलं.

पहिल्यांदा तिने पिशवी दाखवली. एक ठिपका म्हणजे अशा कितीतरी पिशव्यांचा ढीग. प्रत्येक पिशवीच्या पाठीवरून सायकलच्या चेनसारखा जाड पट्टा गेलेला. नातीने शेजारी दिवा आणला. उबेने ती चेन सुकायला लागली आणि हळूहळू मागे वाकली, पिशवी फाटली, तोंड वासलं गेलं. मग एकदम फटकन ती चेन जागेवर आली आणि आतलं सगळं बाहेर फेकलं गेलं. शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवतात, तसं. मी मागे सरले. नात म्हणाली, घाबरू नकोस, तुझ्या डोळ्यात नाही येत.

मग कण दाखवले, करवतीचे आपले आणि बाकीचे कॉलेजातल्या जुन्या काचपट्ट्यांवरचे. ठिपक्याची पूड डोळ्यांना काडेपेटीच्या कडेसारखी तपकिरी दिसते, पण भिंगाखाली एकाचा कण दुसऱ्यासारखा नसतो. करवतीच्या पानाचा कण राजम्याच्या दाण्यासारखा, पोटावर एक सरळ रेघ आणि अंगभर कारल्यासारख्या गाठी. बाशिंगाचाही राजमाच, पण मधूनमधून बारीक काटे. हंसराजाचा तीन कोपऱ्यांचा, जवळजवळ गुळगुळीत, आणि मधोमध तीन रेघा एका ठिकाणी मिळालेल्या. नाव न येणाऱ्या नेच्याचाही तीन कोपऱ्यांचा, पण त्याला भोवताली टोपीसारखी कड.

"ह्या रेघा कशाच्या?" मी विचारलं.

"चार कण एकत्र तयार होतात, एकमेकांना चिकटून. वेगळे झाले की चिकटल्याची खूण राहते."

"मग तीनच का?"

"तू सांग. दिवाळीत गरम लाडू डब्यात भरतेस ना? तीन खाली, एक वर. प्रत्येक लाडू किती लाडवांना टेकतो?"

तीन लाडवांना. टेकल्याच्या तीन चपट्या जागा, आणि त्या जागांच्या मधल्या तीन कडा. एक रेघवाल्यांचं तिने लिंबावर दाखवलं. लिंबाच्या उभ्या चार फोडी केल्या की प्रत्येक फोडीला आतून एकच धार येते. तीच ती रेघ. रुजताना कण तिथूनच उकलतो. म्हणजे भावंडांपासून तुटल्याची खूण तीच बाहेर पडायची वाट. मला हे पटलं आणि आवडलंही, पण ती लगेच मोजमाप लिहायला लागली म्हणून मी भाजी चिरायला गेले.

कवचाचंही तिने सांगितलं. आत एक पातळ पापुद्रा. त्यावर टणक कवच, ते कुजत नाही, आम्लात उकळलं तरी विरघळत नाही, आतलं सगळं जळून जातं आणि कवच तसंच राहतं. खडकात कोट्यवधी वर्षं राहिलेली सापडतात. आणि बऱ्याच नेच्यांत त्या कवचावर आणखी एक थर, गादीवर खोळ असते तसा. गाठी, काटे, सुरकुत्या पुष्कळदा या खोळीवरच असतात. आम्लात खोळ मात्र निघून जाते. म्हणून तिला दोन्ही बघायचे होते, न धुतलेले कण आणि उकळलेले कण. खोळीसह आणि खोळीशिवाय.

लायकोपोडियमची पूड कॉलेजातल्या बाटलीत होती, परदेशातून येते ती. थोडी घरी आणली. वाटीभर पाण्यावर ती पसरली आणि मला म्हणाली, बोट बुडव. बुडवलं, बाहेर काढलं, कोरडं. भिंगाखाली तो कण म्हणजे मधाचं पोळं, सगळ्या पाठीवर जाळी. जाळीत हवा अडकते आणि पाणी आत शिरत नाही. पण आपल्या टांगलेल्या दोरीच्या कणावर जाळी नसणार, खड्डे असणार, सुईने टोचल्यासारखे, असं पुस्तकात आहे म्हणाली. तिला ते खड्डे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते. तिच्या वर्गात ते कुणीच बघितलेले नव्हते. रोज उठली की आधी कणसं बघून यायची, मग चहा.

आता चेअरमन. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. तिसऱ्या मजल्यावर राहतात, वयाने माझ्या मुलाएवढे. पिंपळगावजवळ द्राक्षाची बाग आहे. रोज सकाळी पांढऱ्या गाडीने बागेत जातात, संध्याकाळी येतात. गाडी आमच्या बोळाच्या तोंडाशी उभी असते.

त्या वर्षी छाटण्या झाल्यावर पाऊस आला. छाटणीनंतर कोवळी फूट निघते आणि त्यावर पाऊस म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. डाऊनी नावाची बुरशी येते, घडच्या घड जातात. ज्याच्या त्याच्या डोळ्यापुढे रोग. माणसं झोपेतही पानं उलटी करून बघतात. त्यांची भीती मला कळत होती. मी त्याच भीतीच्या गावात राबले आहे.

एका सकाळी चेअरमन गाडीच्या बॉनेटवर बोट फिरवताना दिसले. बोट तपकिरी झालं. ते बोट नाकापाशी नेऊन बोळात आले. मी पाणी घालत होते. वॉचमन त्यांच्या मागे होता.

"मावशी, हे काय पाळलंय तुम्ही?"

"झाडं आहेत. तुम्हीच हो म्हटलं होतं."

त्यांनी बाशिंगाचं पान उलटं केलं. "झाडं दिसतात मला. ही पाठ बघा की. तांबेरा हाय हा. लय वाईट."

"तांबेरा नाही. याचं बी म्हणा हवं तर. नात त्यावरच शिकते."

"बी फुलात असतं मावशी. पानाच्या पाठीला कुठं असतं?"

"याला फूल येतच नाही."

"मग बी कुठून येणार?" असं म्हणून त्यांनी वॉचमनकडे बघितलं. वॉचमन हसला, कारण त्याला हसावं लागतं.

"चेअरमन, रोग कधी असा रांगेत बसलेला बघितलाय का तुम्ही? इथे एक, तिथे एक, कुठेही उठतो. हे बघा, मापून ठेवल्यासारखे आहेत. घरात भिंग आहे. या, दाखवते. चहाही घ्या."

"मला भिंग लागत नाय मावशी. माझा जन्म गेला पानं बघण्यात. बोटाला लागतंय ना, बास. हे गाडीवर पडतं, गाडी माझ्या बागेत जाते. आलं का लक्षात?"

"नेच्याची पूड द्राक्षाला काही करत नाही."

"कोण म्हणतं?"

"माझी नात."

"पोरगी हाय ती," ते म्हणाले आणि गेले.

नात संध्याकाळी आली तेव्हा तिला सांगितलं. ती रागावली नाही. तांबेरा म्हणजेही बीजाणूच असतात आजी, फक्त बुरशीचे, म्हणून पूड पूडच दिसते, असं म्हणाली. त्यांची चूक तिला समजण्यासारखी वाटत होती. उद्या भेटून सांगते म्हणाली, पण दोनदा वर गेली तेव्हा ते बागेत होते. गाडी पुढे लावायला सांगा, एवढा निरोप तिने त्यांच्या बायकोकडे ठेवला. त्या बिचाऱ्यांनी दिला की नाही, देव जाणे.

दसऱ्याला आम्ही दोघी सिन्नरला गेलो. दुसऱ्या दिवशी एसटीने परत आलो. नात बॅग दारात टाकून आधी बोळात गेली. नंतर मला हाक आली नाही, म्हणून मी गेले.

सगळं निळं होतं. भिंत निळी, टाकीची खालची बाजू निळी, कुंड्या निळ्या. मोरचूद आणि चुना, बोर्डो मिश्रण, बागेला मारतात ते. आणि कुंड्यांत नुसते देठाचे बुडखे. सगळी पानं कापलेली. सोडण टाकीपाशी उलटं पडलेलं होतं, रिकामं. नात तिथेच पलंगाच्या जुन्या लोखंडावर बसली होती. रडत नव्हती. मला रडलेली परवडली असती.

मी वॉचमनला गाठलं.

"कुणी केलं हे?"

"साहेबांनी पंप आणि माणूस पाठवला होता ना, आजी. पानाच्या पाठीला नीट मारा म्हणले. मग म्हणले, कापूनच टाका, जाळायला नको, धूर होतो."

"मला विचारलं नाही कुणी."

"साहेब म्हणले, मावशीचं वय झालंय, तिला कशाला त्रास. आपणच करून टाकू."

त्रास म्हणे. माझ्यावर उपकार केले होते. हे वाक्य मला आजही आठवलं की जेवण जात नाही. वाईट केलं असतं तर भांडता आलं असतं. यांनी चांगलं केलं होतं.

"पानं कुठे आहेत?"

तो कानामागे खाजवायला लागला. गोणीत भरली होती. सकाळी घंटागाडीवाल्याकडे दिली तर त्याने घेतली नाही, निळं पाणी गळतंय, औषधाचा वास येतोय, हा ओला कचरा नाही आणि सुकाही नाही, म्हणाला. गोणी गेटच्या मागे पडलेली होती. आजवर त्या घंटागाडीवाल्याशी मी कितीदा हुज्जत घातली असेल, त्या दिवशी मात्र त्याचा नियम मला पटला. गोणी ओढत घरात आणली आणि पलंगावरची चादर काढून तिच्यावर ओतली.

"लटकत होतं ते?" नातीने वॉचमनला विचारलं.

"ते गवत? ते गोणीत नाही. ते भिंतीपलीकडे टाकलं."

भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट आहे. तिथे गाई बसतात. आम्ही दोघी गेलो. दोरीचे तुकडे मिळाले, तुडवलेले. चार कणसं शाबूत होती, पण हिरवी, बंद. तिने नखाने एक उघडलं, बघितलं आणि खिशात ठेवलं. कच्चं होतं. परत येताना तिने मॅडमना फोन केला आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन बोलली, म्हणजे मला ऐकू येऊ नये.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. दार चेअरमनच्या बायकोने उघडलं, त्यांनी "या ना आजी" म्हटलं. चेअरमन सोफ्यावर बसून सोनं म्हणून वाटलेली आपट्याची पानं पिशवीत भरत होते.

"बसा मावशी. झालं ना स्वच्छ?"

"तुम्ही माझ्या नातीचं वर्ष कापलं."

"काय बोलता?"

"जी पानं कापली ती तिच्या परीक्षेची होती. सांगितलं होतं तुम्हाला."

"अहो, रोग होता त्याला. उलट औषधाचा खर्च मी केला, सोसायटीकडे मागितला नाय. झाडं वाचली म्हणा."

"रोग नव्हता. मी भिंग दाखवते म्हटलं होतं. आताही दाखवते. चला खाली."

"आता काय बघायचं मावशी, आता तर औषध मारलंय."

"विचारलं का नाहीत?"

"आठ दिवस आधी सांगून गेलो ना."

"तुम्ही रोग सांगितला. कापतो म्हणाला नव्हतात."

ते बायकोकडे बघून हसले, म्हातारं माणूस रागावलं की लोक हसतात तसे. "एवढ्या कुंड्यांचं काय घेऊन बसलात. मी नवीन आणून देतो नर्सरीतून. फुलांच्या." मी उठले. फुलांच्या म्हणे.

मॅडमनी सांगितलं की सगळी पानं घेऊन ये, एकही टाकू नको. पुढचे कितीतरी दिवस घरात फक्त निळ्या पानांचा धंदा चालला. कापायच्या आधी हंसराज आणि बाशिंग जेमतेम पिकले होते, हे आमचं नशीब. बोर्डो सौम्य व्हिनेगरच्या पाण्यात सुटतो आणि तेवढ्याने खोळ जात नाही, असं मॅडम म्हणाल्या. नात एकेक पान धुवायची, ठिपके सुईने खरवडायची, पाणी बारीक जाळीतून गाळायची, तळाला बसलेलं बघायची. मी वाट्या विसळत होते. पुष्कळसं वाया गेलं. बऱ्याच पिशव्या औषधाच्या ओलीत चिकटून बंदच राहिल्या, त्या फोडून काढाव्या लागल्या. पण बाशिंगाचे काटे मिळाले. हंसराजाच्या तीन रेघा मिळाल्या. टोपीच्या कडेवालेही मिळाले, थोडे, पण मोजण्यापुरते. मग कॉलेजात आम्लात उकळले. निळं उरलंसुरलं गेलं, आतलं गेलं, खोळ गेली आणि कवचं राहिली, काचेसारखी स्वच्छ. तो फोटो तिने मला मोबाइलवर दाखवला. बोर्डो, कात्री, गोणी, आम्ल, एवढं होऊन ती रेघ जशीच्या तशी होती.

लटकत्या दोरीचे खड्डे मात्र मिळाले नाहीत. कच्च्या कणसांत कण होते, पण मऊ, चुरगळलेले, कवच धरलेलंच नव्हतं. मॅडमनी ते बघितले आणि मान हलवली. मॅडम दुसरा तुकडा मिळतो का म्हणून दोन-चार ठिकाणी फोन करून थकल्या. त्या जागी तिने बाटलीतल्या पुडीचा फोटो लावला, पोळ्यासारख्या जाळीचा, आणि खाली लिहिलं की हा नमुना विकतचा, परदेशी आहे. स्थानिक वनस्पती बीजाणू पिकण्यापूर्वी नष्ट झाली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं. नष्ट कशी झाली? ती म्हणाली, फवारणी झाली. कशाची? बोर्डोची. नेच्यांवर बोर्डो कुणी मारला? ती म्हणाली, शेजाऱ्यांना तांबेरा वाटला. सर हसले आणि पुढचं पान उलटलं. पास झाली. चांगल्या मार्कांनी झाली. पण तिने मला सांगताना ते हसणं दोनदा सांगितलं आणि मार्क एकदा.

उन्हाळ्याच्या तोंडाला करवतीच्या कुंडीतून नवी पानं निघाली, गोगलगाईसारखी गुंडाळलेली. बाशिंग गेलं ते गेलंच. एक दिवस चेअरमन बोळात डोकावले, एक कोवळं पान उलटं केलं. पाठ हिरवीगार, एकही ठिपका नाही, कारण कोवळ्या पानाला ठिपके नसतातच.

"बघा मावशी," ते म्हणाले, "औषध लागू पडलं का नाय?"

"भाद्रपदात परत येतील."

"आले तर सांगा. पंप खालीच ठेवलाय."

"पंपाला हात लावायच्या आधी माझ्या दाराची कडी वाजवा."

"लागलं का तुम्हाला एवढं?" असं म्हणून ते खरंच माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. नातीचा निकाल लागल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर पहिलं अभिनंदन त्यांचंच होतं, आणि पेढेही त्यांनीच वाटले, आपल्या सोसायटीची मुलगी म्हणून. मी पेढा घेतला नाही. नातीने घेतला आणि खाल्लाही.

मी नातीला म्हटलं होतं, त्या पानावर "नष्ट झाली" असं मोघम का लिहितेस? वनस्पती आपणहून नष्ट होत नाही. कुणी केली ते लिही, मजला लिही, फ्लॅटचा नंबर लिही.

"आजी, प्रबंधात असं लिहीत नाहीत."

"मग कुठे लिहितात?"

ती म्हणाली, तू लिही. म्हणून मी लिहिलं. फ्लॅटचा नंबर तिने खोडायला लावला.